एमबीएला प्रकल्प व्यवस्थापन शिकताना: आकड्यापासून निर्णयापर्यंत

सिडनीचं ऑपेरा हाउस जानेवारी १९६३ मध्ये पूर्ण होणार होतं. ते खुलं झालं ऑक्टोबर १९७३ मध्ये. सुरुवातीचा अंदाज सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, प्रत्यक्षात १० कोटी २० लाख लागले. मूळ वास्तुविशारद योर्न उट्झॉन १९६६ मध्येच काम सोडून गेले. वेळ आणि खर्च या दोन्ही कसोट्यांवर प्रकल्प पुरता फसला. हीच इमारत २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

दुसरा प्रकल्प इरिडियमचा. मोटोरोलाच्या पुढाकाराने ६६ उपग्रहांचं जाळं पृथ्वीभोवती उभं राहिलं आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये उपग्रह-फोनची सेवा सुरू झाली. अभियांत्रिकीचं काम विलक्षण अवघड होतं, तरी ते पार पडलं. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. उपग्रह तयार होत होते त्या काळात साधे मोबाइल स्वस्त होऊन जगभर पोचले होते, आणि इरिडियमचा जड, महाग फोन इमारतीच्या आत चालत नव्हता.

यातला यशस्वी प्रकल्प कोणता? एमबीएच्या वर्गात या प्रश्नावर वाद व्हायलाच हवा. काम वेळेत संपवण्याचं तंत्र इतर अभ्यासक्रमांतही शिकवतात. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पातळीवर तुम्हाला त्या खुर्चीत बसायचं असतं, जिथून पैसे मंजूर होतात, वाढवून दिले जातात किंवा थांबवले जातात. म्हणून प्रत्येक तंत्र शिकताना एक प्रश्न सतत विचारत राहा: हा आकडा पाहून कोण, कोणता निर्णय घेणार? पुढची सगळी मांडणी या एका प्रश्नाभोवती आहे.

सत्र सुरू होण्याआधी

तीन गोष्टी पक्क्या करून या. पहिली संख्याशास्त्र: सरासरी, प्रमाण विचलन, सामान्य वितरण आणि दोन स्वतंत्र घटनांची एकत्रित संभाव्यता. दुसरी वित्त: निव्वळ वर्तमान मूल्य (पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा खर्च) काढता आलं पाहिजे आणि सवलतीचा दर, म्हणजे पुढचे पैसे आजच्या किमतीत आणण्याचा दर, बदलला की उत्तर का हलतं हे समजलं पाहिजे. तिसरी स्प्रेडशीट. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा जिरा ही प्रकल्पांची सॉफ्टवेअर नंतर शिकलात तरी चालेल. सॉफ्टवेअर तारखा आपोआप काढून देतं, त्यामुळे त्या का निघाल्या हे डोक्यात बसत नाही. आधी कागद, मग स्प्रेडशीट, मग सॉफ्टवेअर हा क्रम मोडू नका.

पहिल्याच आठवड्यात एक प्रकल्प धरा

पूर्ण सत्रभर एकच प्रकल्प सोबत ठेवा आणि शिकलेलं प्रत्येक तंत्र त्याच्यावर लावून पाहा. नोकरी करत शिकत असाल तर कार्यालयातला खरा प्रकल्प घ्या. नसाल तर काल्पनिक, पण मर्यादित घ्या. प्रत्येक प्रकरणाला वेगळं उदाहरण घेतलं की तंत्रं सुटी सुटी राहतात आणि त्यांचा आपसातला संबंध दिसत नाही. या लेखात आपण एका कंपनीच्या गोदामात नवी संगणकीय व्यवस्था बसवण्याचा प्रकल्प धरू.

सगळ्यात आधी एका पानाचा प्रोजेक्ट चार्टर लिहा. प्रकल्प कशासाठी, फायदा कोणाला, स्पॉन्सर (पैसे आणि पाठबळ देणारा) कोण, मर्यादा काय, आणि काय या प्रकल्पात येत नाही. शेवटचा मुद्दा विद्यार्थी हमखास वगळतात, आणि पुढची बहुतेक भांडणं तिथूनच उगवतात. ‘गोदामातली व्यवस्था बदलणार, पण हिशेब विभागाचं सॉफ्टवेअर तसंच राहणार’ असं स्पष्ट वाक्य चार्टरमध्ये हवं.

मग कामाची उतरंड, म्हणजे डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर): मोठं काम लहान तुकड्यांत मोडणं. इथे नियम असा की खालच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज वरच्या कामाइतकीच व्हावी, जास्तही नाही आणि कमीही नाही. उतरंड क्रियापदांनी न मांडता हाती येणाऱ्या वस्तूंनी मांडा: ‘प्रशिक्षण देणे’ यापेक्षा ‘प्रशिक्षित कर्मचारी’ बरं, कारण ते झालं की नाही हे तपासता येतं.

नेटवर्क हाताने सोडवा

नेटवर्क म्हणजे कोणतं काम कोणत्या कामानंतर येतं याचं जाळं. इथे घाई करू नका. आपल्या प्रकल्पात सहा कामं आहेत असं समजू.

गरजांची नोंद: २ आठवडे.
विक्रेत्याची निवड: ३ आठवडे, गरजांच्या नोंदीनंतर.
जागेची तयारी: ४ आठवडे, तीही गरजांच्या नोंदीनंतर.
उभारणी: ५ आठवडे, निवड आणि जागा दोन्ही झाल्यावर.
प्रशिक्षण: ३ आठवडे, विक्रेत्याच्या निवडीनंतर.
चाचणी आणि सुरुवात: २ आठवडे, उभारणी आणि प्रशिक्षण दोन्ही झाल्यावर.

आता मार्ग मोजा. नोंद, जागा, उभारणी, चाचणी: १३ आठवडे. नोंद, निवड, उभारणी, चाचणी: १२. नोंद, निवड, प्रशिक्षण, चाचणी: १०. सर्वांत लांब मार्ग १३ आठवड्यांचा, तोच क्रिटिकल पाथ. विक्रेत्याच्या निवडीला १ आठवड्याची सवड आहे, प्रशिक्षणाला ३ आठवड्यांची.

बहुतेक जण इथे पेन खाली ठेवतात. थोडं पुढे जा. निवडीच्या १ आठवड्याच्या सवडीला एकूण फ्लोट म्हणतात, पण निवडीचा मुक्त फ्लोट, म्हणजे पुढच्या कुठल्याही कामाला न ढकलता मिळणारी सवड, शून्य आहे. निवड लांबली तर प्रकल्पाची शेवटची तारीख हलत नाही, पण प्रशिक्षण उशिरा सुरू होतं आणि त्याच्या ३ आठवड्यांतला १ खर्ची पडतो. म्हणजे खरेदी विभागाने ‘आमच्याकडे आठवडाभर हातात आहे’ म्हणून वापरलेली सवड मनुष्यबळ विभागाच्या खिशातून जाते. सवड कोणाच्या मालकीची, हा प्रश्न गणिताइतकाच सत्तेचा आहे.

पुढची पायरी वेळ विकत घेण्याची. समजा प्रकल्प लांबला की दर आठवड्याला ४ लाखांचं नुकसान होतं. जागेची तयारी आठवड्याने कमी करायला ३ लाख लागतात, उभारणी कमी करायला ५ लाख आणि विक्रेत्याची निवड लवकर उरकायला २ लाख. बाकी कामं कमी होत नाहीत. जागेवर ३ लाख खर्चून १ आठवडा वाचवला तर ४ लाखांचं नुकसान टळतं, तेव्हा करावं. प्रकल्प १२ आठवड्यांवर आला. पण आता दोन मार्ग एकाच वेळी क्रिटिकल झाले. आणखी एक आठवडा हवा असेल तर जागा आणि निवड दोन्ही कमी करावे लागतील, खर्च ५ लाख; किंवा एकटी उभारणी, तोही खर्च ५ लाख. वाचणार ४. तेव्हा १२ वर थांबायचं.

हे सहा ओळींचं गणित स्वतः केलं की ‘लवकरात लवकर संपवा’ हा वरून येणारा आदेश कधी पैशाच्या दृष्टीने चुकीचा असतो हे पुराव्यानिशी मांडता येतं.

या तंत्राचा इतिहासही उपयोगाचा आहे. क्रिटिकल पाथ पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकी कंपन्यांच्या कामातून आली. रासायनिक कारखान्यांतली कामं परिचयाची होती, त्यांना लागणारा वेळ ठाऊक होता, म्हणून तिथे वेळ आणि पैसा यांच्या देवाणघेवाणीवर भर दिला गेला. पर्ट ही पद्धत १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमात घडली. तिथलं काम पूर्वी कोणी केलेलंच नव्हतं, म्हणून अनिश्चितता मोजण्यावर भर आला. परीक्षेत दोन्हींतला फरक विचारतात तेव्हा हे कारण लिहा.

अंदाज कितपत खरा मानायचा

उभारणीसाठी ५ आठवडे धरले. ते काम करणाऱ्या माणसाला तीन आकडे विचारा: सगळं सुरळीत गेलं तर ४, बहुधा ५, सगळं बिघडलं तर १२. पर्टच्या सूत्राने ४ अधिक ५ ची चौपट अधिक १२, भागिले ६. उत्तर ६ आठवडे. सगळ्यात शक्य वाटणारा आकडा ५ असूनही अपेक्षित आकडा ६ निघतो, कारण बिघाडाच्या बाजूची शेपटी लांब आहे. प्रकल्पांतल्या बहुतेक कामांचं असंच असतं. काम ठरल्यापेक्षा किती लवकर संपेल याला मर्यादा असते, किती लांबेल याला जवळपास नसते.

दुसरी गोष्ट, जी मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन स्वतंत्र मार्ग एका टप्प्यावर येऊन मिळतात आणि प्रत्येकाची वेळेवर पोचण्याची शक्यता ५० टक्के आहे. मग तो टप्पा वेळेवर गाठण्याची शक्यता किती? २५ टक्के. तिसरा मार्ग मिळाला तर साडेबारा. साधं पर्टचं गणित एकाच मार्गाकडे पाहतं, त्यामुळे ते आशावादी उत्तर देतं. मॉन्टे कार्लो सिम्युलेशन याचसाठी वापरतात. स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक संख्यांनी हजार वेळा प्रकल्प चालवून पाहा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि ‘ही तारीख गाठण्याची शक्यता इतके टक्के’ असं बोलायची सवय लागते.

सूत्रं बरोबर असूनही माणसं अंदाज चुकवतात. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याला नियोजनभ्रम म्हटलं: माणूस आपल्या प्रकल्पाच्या तपशिलात शिरतो आणि तशाच इतर प्रकल्पांचं काय झालं हे विसरतो. यावरचा उपाय म्हणजे बाहेरून पाहणं. आधी झालेल्या तशा प्रकल्पांची यादी करा, त्यांचे अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवा आणि आपला अंदाज त्या वितरणात कुठे बसतो ते बघा. बेंट फ्लूबियेर या अभ्यासकाने ही रीत मोठ्या पायाभूत प्रकल्पांच्या अभ्यासात रुजवली. सत्राच्या प्रकल्पासाठी पाच-सहा तुलनात्मक उदाहरणं जमवलीत तरी अहवालाचं वजन वाढतं.

अर्न्ड व्हॅल्यू: एक प्रश्न, तीन उत्तरं

अर्न्ड व्हॅल्यू म्हणजे झालेल्या कामाची योजनेच्या दराने मोजलेली किंमत. आपला प्रकल्प १२ आठवड्यांचा, अंदाजपत्रक १२० लाखांचं. सहावा आठवडा संपला. योजनेप्रमाणे ६० लाखांचं काम व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात योजनेच्या दराने मोजलं तर ४८ लाखांचं काम झालं, आणि खर्च झाले ६४ लाख.

खर्चाचा निर्देशांक ४८ ÷ ६४, म्हणजे ०.७५. वेळेचा निर्देशांक ४८ ÷ ६०, म्हणजे ०.८. इतकं सगळ्या पुस्तकांत असतं. खरा प्रश्न पुढचा: प्रकल्प शेवटी कितीला पडेल?

झालेली गडबड एकदाच घडली, उरलेलं काम मूळ दराने होईल असं मानलं तर ६४ अधिक उरलेले ७२, एकूण १३६ लाख. गडबड मुरलेली आहे, पुढेही तोच दर राहील असं मानलं तर १२० ÷ ०.७५, म्हणजे १६० लाख. शिवाय तारीखही गाठायचीच असेल आणि त्यासाठी जादा माणसं, जादा तास लागणार असतील तर उरलेल्या ७२ ला दोन्ही निर्देशांकांच्या गुणाकाराने, म्हणजे ०.६ ने भागा. १२० येतात, अधिक ६४, एकूण १८४ लाख.

तीनही उत्तरं गणिताने बरोबर आहेत. कोणतं मांडायचं हे गडबडीच्या कारणावर ठरतं. विक्रेत्याने एकदा चुकीचं सामान पाठवलं असेल तर १३६ चं समर्थन होईल. गरजाच नीट नोंदल्या गेल्या नसतील तर १३६ मांडणं म्हणजे संचालकांची दिशाभूल. उत्तरपत्रिकेत नुसता आकडा लिहू नका. गृहीतक लिहा आणि ते का निवडलं ते एका वाक्यात सांगा. चांगला परीक्षक गुण तिथेच देतो.

आणखी एक तपासणी. उरलेलं काम उरलेल्या पैशात बसवायचं तर कार्यक्षमता किती हवी? ७२ ÷ ५६, जवळपास १.२९. आजवर ०.७५ ने चाललेला चमू उद्यापासून १.२९ ने चालेल असं कोणी म्हणत असेल तर नेमकं काय बदलणार आहे हे विचारा. आणि वेळेच्या निर्देशांकाची मर्यादा लक्षात ठेवा: प्रकल्प कितीही उशिरा संपला तरी सगळं काम झालं की तो १ वरच येतो. शेवटच्या टप्प्यात त्याच्यावर विसंबू नये.

थांबायचं की पुढे जायचं

हेच आकडे घेऊन बैठकीत जा. मंजुरीच्या वेळी प्रकल्पाच्या फायद्याचं वर्तमान मूल्य १५० लाख धरलं होतं, खर्च १२०, म्हणजे ३० लाखांचा नफा. आता अंतिम खर्च १६० वर गेला. वर्गातले निम्मे जण लगेच म्हणतील, तोटा होतोय, बंद करा.

पण गेलेले ६४ लाख दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत. इथून पुढे लागणारे ९६ आणि मिळणारे १५०. सामानाची विक्री किंवा करारभंगाचा दंड बाजूला ठेवला तर पुढे जाणं ५४ लाखांनी फायद्याचं आहे. हा प्रकल्प आज नव्याने मंजुरीला आला असता तर कोणी तो घेतला नसता, आणि तरीही अर्ध्यात सोडणं चूक ठरेल. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

या तर्काला दुसरी बाजू आहे. बुडीत खर्च, म्हणजे आधीच गेलेला आणि परत न येणारा पैसा, विसरण्याचा हाच युक्तिवाद दर तीन महिन्यांनी वापरून एखादा प्रकल्प वर्षानुवर्षं जिवंत ठेवता येतो, कारण ‘उरलेला खर्च’ दर वेळी थोडासाच दिसतो. बॅरी स्टॉ या संशोधकाने १९७६ मध्ये प्रयोगातून दाखवलं की सुरुवातीचा निर्णय ज्याने घेतला तोच माणूस अपयशाच्या बातमीनंतर जास्त पैसे ओततो. म्हणून टप्प्यांवरची छाननी प्रकल्पात न गुंतलेल्या लोकांनी करावी आणि थांबण्याचे निकष सुरुवातीलाच लिहून ठेवावेत. शिवाय ज्यांनी खर्च कमी धरला त्यांनीच फायदा १५० धरला असेल, तर तो आकडाही पुन्हा तपासायला हवा. फायदा ९६ च्या खाली आला की उत्तर उलटतं. इरिडियमच्या बाबतीत बदलली होती ती फायद्याचीच बाजू.

माणसं, जोखीम, करार

स्टेकहोल्डरांची (प्रकल्पाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांची) चौकट, म्हणजे कोणाकडे किती सत्ता आणि कोणाला किती रस, सगळे काढतात. काढल्यावर प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा: या माणसाचं या प्रकल्पाने काय जाणार आहे? गोदामाच्या जुन्या पर्यवेक्षकाला मालाची जागा तोंडपाठ असते. नवी व्यवस्था त्याचं ते महत्त्वच काढून घेते. चाचणी का लांबतेय याचं उत्तर बऱ्याचदा अशा ओळीत सापडतं.

रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे जोखमींच्या नोंदवहीत, ‘उशीर होऊ शकतो’ असं लिहू नका. तो परिणाम झाला. कारण, घटना आणि परिणाम वेगळे लिहा, आणि प्रत्येक जोखमीला एक जबाबदार माणूस नेमा.

करारांकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात. ठराविक किमतीच्या करारात जोखीम विक्रेत्याकडे जाते, पण प्रत्येक बदलासाठी तो जादा पैसे मागतो. खर्च अधिक मोबदला अशा करारात जोखीम तुमच्याकडे राहते, पण बदल सोपे होतात. गरजा स्पष्ट असतील तर पहिला करार करा, धूसर असतील तर दुसऱ्याकडे झुका.

अजाइल कुठे बसतं

अजाइल म्हणजे काम छोट्या तुकड्यांत करत, प्रत्येक तुकड्यानंतर दिशा तपासत जाणं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये १७ जणांनी अजाइल जाहीरनामा लिहिला: ४ मूल्यं, १२ तत्त्वं. एमबीएच्या विद्यार्थ्याने बैठकांची नावं पाठ करण्यापेक्षा यामागचा पैशाचा विचार समजून घ्यावा. दर काही आठवड्यांनी वापरता येईल असा तुकडा हाती आला की माहिती लवकर मिळते आणि थांबण्याचा निर्णय स्वस्त होतो. जिथे उलट फिरणं महाग आहे, उदाहरणार्थ पूल किंवा भट्टी, तिथे आधी सविस्तर नियोजनच हवं. आपल्या गोदामात जागेची तयारी जुन्या पद्धतीने आणि सॉफ्टवेअरचे पडदे अजाइल पद्धतीने करणं योग्य ठरेल.

केस कशी वाचायची

डेन्व्हर विमानतळाची सामान वाहणारी स्वयंचलित यंत्रणा ही या विषयातली नेहमीची केस. विमानतळ फेब्रुवारी १९९५ मध्ये, १६ महिने उशिरा उघडला. यंत्रणा कधीच ठरल्याप्रमाणे चालली नाही आणि २००५ मध्ये ती बंद केली.

पहिल्या वाचनात फक्त तारखांची रेषा काढा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक तारखेला कोणाला काय माहीत होतं ते लिहा. शेवट माहीत असल्यामुळे सगळ्या चुका आधीच दिसायला हव्या होत्या असं वाटतं. ते टाळायला ही रीत कामी येते. तिसऱ्या वाचनात एकच निर्णय निवडा. संपूर्ण विमानतळासाठी एकच यंत्रणा करायची हे इमारतीचं काम सुरू झाल्यानंतर ठरलं, तो क्षण घ्या. त्या दिवशी तुम्ही तिथे असता तर कोणते पर्याय होते, आणि प्रत्येकाची किंमत काय? वर्गात बोलताना याच निर्णयावर बोला.

प्रबंध आणि प्रमाणपत्रं

प्रबंधाचा विषय अरुंद ठेवा. ‘प्रकल्प अपयशाची कारणं’ हा विषय घेऊ नका. त्यावर याद्यांचा डोंगर आहे. एका संस्थेतल्या वीस-तीस प्रकल्पांचे मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे मिळाले तर तेवढ्यावर उत्तम काम होतं. विषय पक्का करण्याआधी आकडे मिळण्याची लेखी परवानगी घ्या.

प्रमाणपत्रांत पीएमपीसाठी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागतो, सीएपीएमला (सर्टिफाइड असोसिएट इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट) तो लागत नाही. दोन्ही १९६९ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेची. प्रिन्स-टू ही ब्रिटिश सरकारच्या कामातून आलेली पद्धत १९९६ ची. ज्या देशात आणि क्षेत्रात नोकरी करायची आहे तिथल्या जाहिराती पाहून निवडा. पीएमआयच्या पीएमबॉक (प्रकल्प व्यवस्थापनाच्या ज्ञानाची) मार्गदर्शिकेच्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या, तर २०२१ च्या सातव्या आवृत्तीने १२ तत्त्वं मध्यभागी आणली. म्हणून जुन्या नोट्स वापरताना त्या कोणत्या आवृत्तीच्या आहेत ते पाहा, आणि परीक्षेचा चालू आराखडा संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतल्याशिवाय शुल्क भरू नका.